एका एकरावर एका एकराचंच ऊन

रिसोडच्या बाजार समितीत हळद दोन ढिगांत विकली जाते, कांडी आणि गट्टू. २०२३ च्या पावसाळ्यापर्यंत क्विंटलला सहा-सात हजारांत अडकलेली ही हळद त्या ऑगस्टमध्ये तेरा हजारांच्या वर गेली आणि आमच्या वाशिम जिल्ह्यात हळदीबद्दल बोलणाऱ्यांचा सूरच बदलला. ज्यांच्या घरात सोयाबीन आणि तुरीपलीकडे चर्चा जात नव्हती, ते बेणं कुठे मिळतं याची चौकशी करू लागले. हळद पिकवणाऱ्या हिंगोली-वसमतकडचे पाहुणे एकदम महत्त्वाचे झाले. त्याच सुमारास मोबाइलवरच्या चित्रफितींतून एक शब्द जिल्ह्यातल्या मालेगाव-मानोऱ्याच्या खेड्यांपर्यंत पोचला: व्हर्टिकल फार्मिंग. पॉलीहाऊसमध्ये एकावर एक मातीचे थर, प्रत्येक थरात हळद, एका एकरात शंभर एकरांचं पीक, वर्षाला कोटीत उत्पन्न. शहरातल्या नोकरदारांकडून अशा हळदीसाठी पैसे घेणाऱ्या योजनाही निघाल्या.

मी बँकेत कृषी अधिकारी होतो. विहीर, पाइपलाइन, ठिबक, शेडनेट, दुधाळ जनावरं, ट्रॅक्टर यांच्या कर्जाच्या फायली तपासण्यात नोकरी गेली. आता वाशिमला घरी असतो, तरी पोरं फायली घेऊन येतात. बहुतेक जण पुण्यात किंवा नागपुरात शिकलेले, काही जण तिथली नोकरी सोडून आलेले. ‘काका, बँकेत द्यायच्या आधी तुम्ही एक डाव पाहून घ्या ना,’ म्हणतात. मी पाहतो. प्रकल्प अहवाल रंगीत असतो. खर्चाचं पान असतं, अनुदानाचं पान असतं, पाच वर्षांच्या नफ्याचा तक्ता असतो. माती, पाणी, खत, मजुरी, विमा, सगळं असतं. उजेडाचं पान नसतं. मला वाटतं, उभ्या शेतीचं सगळं अर्थशास्त्र त्या न जोडलेल्या पानात आहे.

ते पान आपण इथेच लिहून पाहू.

आमच्या भागात वर्षाची सरासरी काढली तर एका चौरस मीटरवर दिवसाला साधारण पाच युनिट ऊर्जा उन्हातून पडते. पावसाळ्यात कमी, एप्रिलमध्ये जास्त. एकर म्हणजे चार हजारांहून थोडे जास्त चौरस मीटर. म्हणजे एका एकरावर रोज वीस हजार युनिट. महावितरणच्या बिलावर छापलेलं असतं तेच हे युनिट. आठ रुपये दर धरला तर कोरडवाहू, कर्जबाजारी, सातबाऱ्यावर बोजा असलेल्या शेतकऱ्याच्या एका एकरावरसुद्धा दररोज एक लाख साठ हजार रुपयांचा उजेड फुकट पडतो. त्याचं बिल येत नाही, म्हणून तो कुठल्याच हिशेबात दिसत नाही.

आता हळद घ्या. जून ते फेब्रुवारी, नऊ महिने. या काळात एकरावर पडतं सुमारे ५४ लाख युनिट ऊन. चांगल्या शेतकऱ्याला एकरी वीस क्विंटलच्या आसपास वाळलेली हळद निघते. एक किलो वाळलेल्या हळदीत, किंवा कुठल्याही कोरड्या वनस्पतीत, साडेचार युनिटांच्या आसपास ऊर्जा साठलेली असते. दोन हजार किलो म्हणजे नऊ हजार युनिट. ५४ लाखांतले नऊ हजार. उरलेलं ऊन मातीला, हवेला, पाण्याच्या वाफेला, पानाला, मुळाला आणि झाडाच्या स्वतःच्या जगण्याला जातं.

त्याच एकरात शंभर एकरांची हळद काढायची म्हणजे दोन लाख किलो. त्यात साठलेली ऊर्जा नऊ लाख युनिट. म्हणजे पडलेल्या सगळ्या उन्हाचा सहावा भाग फक्त कंदात उतरायला हवा, पानं आणि मुळं वेगळीच. शेतातलं पीक शेकड्याला एकाच्या आसपास ऊन साठवतं, फार उत्तम पीक दोनापर्यंत जातं, आणि हळदीसारख्या पिकाची तत्त्वतः मर्यादासुद्धा शेकड्याला पाचाच्या आतच आहे. सहावा भाग साठवणारं झाड पृथ्वीवर नाही. थर दहा लावा की वीस, वरच्या थराने घेतलेलं ऊन खालच्याला मिळत नाही. हळद सावली सोसते हे खरं. आंब्याखाली, पपईखाली ती येते. पण सोसते म्हणजे सावलीवर पोसते असं नाही.

हा हिशेब कृषी विद्यापीठात जाऊन शिकावा लागत नाही. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर गणिताचे शिक्षक होते. त्यांनी प्रयोग परिवार उभा केला आणि तासगावच्या द्राक्ष बागायतदारांना वेलीवरची पानं मोजायला लावली. पानाचं क्षेत्रफळ किती, त्यावर ऊन किती तास, त्यातून वजन किती बनणार, हा त्यांचा धडा होता. शेतकऱ्याचं खरं भांडवल ऊन आहे आणि पान हे ते भांडवल जमा करणारं खातं आहे, असं मी त्यांच्याकडून घेतलं. शहरातल्या गच्चीवर, घरातल्या काडीकचऱ्यावर भाजीपाला पिकवण्याचा विचारही त्यांनी त्याच गणितातून मांडला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२ पासून प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर जी बाग फुलवली, ती याच परंपरेतली. तिथे झाडं आकाशाखाली होती. उजेड विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता.

विकत घ्यायचा ठरवला तर काय होतं, ते अमेरिकेने करून पाहिलं आहे. ही कल्पना लोकांपुढे नेणारे डिक्सन डेस्पोमिए हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकवत. १९९९ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांबरोबर हा विषय हाती घेतला, २०१० मध्ये पुस्तक लिहिलं. शहरातल्या इमारतींत अन्न पिकलं तर शेतीखालची जमीन पुन्हा जंगलाला देता येईल, ही त्यांची तळमळ होती आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पुढे गुंतवणूकदार आले. बोवरी फार्मिंग या कंपनीचं मोल २०२१ मध्ये २३० कोटी डॉलर ठरवलं गेलं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती बंद पडली. एरोफार्म्सने जून २०२३ मध्ये दिवाळखोरीचं संरक्षण मागितलं, प्लेंटी या कंपनीने मार्च २०२५ मध्ये. या कंपन्यांकडे उत्तम शास्त्रज्ञ होते, पैसा होता, मोठ्या दुकानांच्या साखळ्या गिऱ्हाईक म्हणून होत्या. आणि पिकवत काय होत्या? लेट्यूस, बेझिल, कोवळ्या पालेभाज्या.

पालेभाजीच का, हे समजून घेणं आमच्या पोरांसाठी फार गरजेचं आहे. लेट्यूसमध्ये पंच्याण्णव टक्के पाणी असतं. महिना-सव्वा महिन्यात ती तयार होते, मुळाशिवाय सगळी खाल्ली जाते, लांबून आणली तर कोमेजते. विकत घेतलेल्या उजेडात परवडण्याची थोडीफार शक्यता असलीच तर ती अशाच पिकात. तरीही २०२१ च्या एका जागतिक पाहणीत उभ्या शेतीत किलोमागे सरासरी ३८.८ युनिट वीज लागत असल्याचं निघालं. साध्या हरितगृहात हाच आकडा ५.४ होता. आठ रुपयांनी ३८.८ युनिटांचे तीनशे दहा रुपये होतात. त्यात जागेचं भाडं नाही, मजुरी नाही, कर्जाचं व्याज नाही. अगदी काटकसरीने चालवून दहा युनिटांवर आणलं तरी किलोला ऐंशी रुपये नुसती वीज. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या हॉटेलांना हा भाव देता येतो, म्हणून तिथे काही छोटे उद्योग तग धरू शकतात. मेथी-कोथिंबिरीची जुडी घेणाऱ्या घराला तो देता येत नाही.

धान्याचं तर बोलायलाच नको. पण बोलतो, कारण आमचा जिल्हा सोयाबीनचा आहे. एक किलो कोरड्या पिकात साडेचार युनिट. दिव्याचा जितका उजेड पडला त्याचा विसावा भाग झाडाने साठवला असं मोठ्या मनाने धरू, म्हणजे नव्वद युनिट उजेड हवा. एलईडी दिवा विजेच्या साधारण निम्मा उजेड देतो, म्हणजे एकशे ऐंशी युनिट वीज. पिकाच्या वजनातलं निम्मं दाणा, निम्मं कुटार. म्हणजे एक किलो दाण्याला तीनशे साठ युनिट, आठ रुपयांनी दोन हजार आठशे ऐंशी रुपये. सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला ५,३२८ रुपये आहे, किलोला त्रेपन्न. आणि २०२४ च्या हंगामात तर वाशिमच्या यार्डात त्याहूनही बरंच खाली, चार हजार-बेचाळीसशेला पोती गेली. ओलावा जास्त म्हणून खरेदी केंद्रावरून परत आलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे लुई ऑलब्राइट यांनी गव्हाचा असाच हिशेब मांडून दाखवला होता: दिव्याखाली पिकवलेल्या गव्हाचा पाव २३ डॉलरला पडेल.

म्हणजे आमचा शेतकरी त्रेपन्न रुपयेसुद्धा न मिळणाऱ्या किलोत जवळजवळ तीन हजार रुपयांच्या उजेडाचं काम करून देतो. उभ्या शेतीच्या हिशेबातून मला मिळालेली सगळ्यांत मोलाची गोष्ट ही आहे. शहराला जो उजेड विकत घेऊन परवडत नाही, तो गोळा करायला आम्ही एकरभर पानं पसरून बसतो आणि त्याची किंमत कुठल्याच भावात धरली जात नाही.

यावर पोरं लगेच म्हणतात, ‘काका, सोलर लावू ना! वीज फुकट पडते.’ सोलरची आमच्याकडे खरंच लाट आहे आणि ती चांगली आहे. रात्री दोनला मोटार चालू करायला विंचू-सापांतून जाणाऱ्या माणसाला दिवसा पाणी मिळतंय, यासारखं सुख नाही. पण उन्हाची वीज करायची आणि त्या विजेचा परत उजेड करायचा, यात काय उरतं ते बघा. पॅनल उन्हाचा पाचवा भाग वीज करतं. दिवा त्याचा निम्मा उजेड करतो. दहावा भाग उरला. झाडाला उन्हातला निम्माच प्रकाश उपयोगी पडतो आणि दिव्याचा जवळजवळ सगळा पडतो, ही सूट दिली, तरी एका एकराच्या एका थराला पूर्ण उन्हाइतका उजेड द्यायला पाच एकर पॅनल लागतात. पाच थरांना पंचवीस. पालेभाजीला पूर्ण ऊन लागत नाही म्हणून निम्मं धरा, तरी बारा-तेरा एकर. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत जमिनीचं वार्षिक भाडं हेक्टरी सव्वा लाख रुपये, म्हणजे एकरी पन्नास हजार ठरलेलं आहे. पाच एकरांची भाजी एका एकरात काढायला बारा एकर पॅनलखाली घालायचे आणि त्यांचं सहा लाख भाडं मोजायचं. त्या बारा एकरांत सरळ भाजी का लावू नये, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

सिंगापूरसारख्या ठिकाणी जमीनच नाही, नव्वद टक्क्यांहून अधिक अन्न बाहेरून येतं. तिथे सरकारने २०१९ मध्ये ठरवलं होतं की २०३० पर्यंत तीस टक्के पोषण देशातच पिकवायचं. उभ्या शेतीवर त्यांची मोठी भिस्त होती. २०२५ च्या अखेरीस ते उद्दिष्ट त्यांनी बाजूला ठेवलं. पैशाची, शिस्तीची, तंत्रज्ञानाची कशाचीच उणीव नसलेल्या देशाला जे परवडेना, ते मे महिन्यात बेचाळीस-चव्वेचाळीस अंश तापणाऱ्या वाशिममध्ये, थंडाव्याच्या यंत्रासकट, परवडेल असं सांगणाऱ्यांनी आधी स्वतःचा पैसा घालावा.

रॅकवर थर लावलेली शेती आमच्याकडे अगदीच नवी नाही. दुष्काळाच्या वर्षांत हायड्रोपोनिक चारा आला होता. बांबूचे मांडव, ट्रे, त्यात भिजवलेला मका, आठ-नऊ दिवसांत हिरवीगार गादी. एक किलो मक्याचा सहा-सात किलो चारा, म्हणून लोक हरखले. पण वाळवून तोलला तर त्या चाऱ्यातला कोरडा भाग मूळ मक्यापेक्षा थोडा कमीच भरतो, कारण अंकुराला वाढायला दाण्यातलंच अन्न खर्चावं लागतं. जनावराला हिरवं मिळालं, चव मिळाली, जीवनसत्त्वं मिळाली. दुष्काळात तेही मोठंच. पण वाढलेलं वजन पाण्याचं होतं.

मग रॅकवर ठेवावं तरी काय? ज्याला ऊन लागत नाही ते, किंवा ज्याचं उन्हाचं काम आधीच बाहेर झालेलं आहे ते. आणि अशा गोष्टी आमच्या जिल्ह्यात आहेत.

रेशीम पाहा. तुती शेतात उन्हात वाढते. तिचा पाला कापून संगोपनगृहात रॅकवरच्या अळ्यांना घातला जातो. ही खरी थरांची शेती. चॉकी, म्हणजे बाल्यावस्थेतलं संगोपन, झालेल्या अळ्या आणल्या तर तीनेक आठवड्यांत कोष तयार होतात. शंभर अंडीपुंजांमागे चांगलं संगोपन झालं तर साठ-सत्तर किलो कोष निघतात, आणि विकायला जालन्याचा बाजार आहे. रॅकवरच्या अळीला जागा लागते, हवा लागते, स्वच्छता लागते. उजेडाचं बिल लागत नाही. दीड-दोन एकरांतल्या कुटुंबाने वर्षात चार-पाच पिकं काढली की घरात ठरावीक अंतराने पैसा येतो, आणि ज्या घरात पैसा वर्षातून एकदाच येतो त्या घराला याचं मोल विचारा. बाया हे काम पुरुषांपेक्षा नेटकं करतात, हे मी कर्जाच्या परतफेडीवरून सांगतो.

दुसरी गोष्ट अळिंबी. धिंगरी अळिंबीला अंधारी, ओलसर खोली आणि कुटार लागतं. सोयाबीनचं कुटार आमच्याकडे ढिगाने आहे. ते भिजवायचं, गरम पाण्यातून काढायचं, स्पॉन, म्हणजे अळिंबीचं बी, घालून पिशव्या टांगायच्या. तीन-चार आठवड्यांत पहिली तोडणी. उन्हाने जे काम जुलै ते सप्टेंबर केलं, त्याचाच उरलेला भाग इथे दुसऱ्यांदा कामी येतो. अडचणी आहेत: उन्हाळ्यात खोली तापते, ताजी अळिंबी दोन दिवसांत उतरते, वाशिम-कारंज्यात खाणारे थोडे. म्हणून हिवाळ्यात करावी आणि वाळवण्याची सोय आधी करावी. एवढं सांभाळलं तर कमी भांडवलात बसणारं काम आहे.

आणि हळदच करायची असेल तर रॅकवर तिची रोपं करा. कोझिकोडच्या भारतीय मसाला संशोधन संस्थेने एका डोळ्याच्या तुकड्यापासून प्रो-ट्रेमध्ये रोप तयार करण्याची पद्धत दिली आहे. एरवी एकरी दहा क्विंटलच्या आसपास बेणं लागतं, आणि हळद तेजीत असली की तोच सगळ्यांत मोठा खर्च असतो. रोपांना बेणं कितीतरी कमी लागतं. महिना-दीड महिना शेडनेटमध्ये थोड्या जागेत रोपं वाढवायची आणि पाऊस आला की रानात, उन्हात लावायची. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून, म्हणजे लोक ज्याला पोकरा म्हणतात त्यातून, उभी राहिलेली शेडनेट काही गावांत फाटून रिकामी पडली आहेत. ती यासाठी वापरता येतील.

मला राग येतो तो उभी शेती हा शब्द वापरून पोरांच्या उमेदीवर डल्ला मारणाऱ्यांचा. साध्या पॉलीहाऊसलाच एकरी चाळीस लाखांच्या आसपास खर्च येतो. थर, माती, फवारे धरून तो कुठच्या कुठे जातो. त्या कर्जाला तारण म्हणून बापाची जमीन जाते. प्रकल्प फसला की सल्लागार दुसऱ्या जिल्ह्यात जातो, बोजा इथल्या सातबाऱ्यावर राहतो. पोरगा परत पुण्याला जातो आणि या वेळी मान खाली घालून जातो. शेतीत काही नवं करायची इच्छा असलेली मुलं आमच्याकडे आधीच थोडी आहेत. आकांक्षित जिल्हा म्हणून २०१८ पासून देशाच्या यादीत असलेल्या वाशिमला ती अशी गमावणं परवडणारं नाही.

हळदीतला खरा तोटा कुठे होतो ते कोणी विचारत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद काढून, शिजवून वाळत घातली की दोन आठवडे ती उघड्यावर असते. त्यात अवकाळी आला की रंग जातो आणि भाव पडतो. बऱ्याच गावांत शिजवायचा कुकर भाड्याने येतो, त्याची वाट पाहत कंद पडून राहतात. वाळवायला सिमेंटचा ओटा नसतो, झाकायला ताडपत्री अपुरी. मग ओलसर माल घाईने यार्डात जातो, कारण मजुरी द्यायची असते. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत मालाच्या किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळू शकते, हळदीलाही मिळते. पण त्यासाठी बाजार समितीकडे कोरडं गोदाम आणि इच्छा, दोन्ही हवं.

समृद्धी महामार्ग शेलू बाजार आणि कारंज्याजवळून जातो, आणि जून २०२५ पासून तो थेट मुंबईच्या दारापर्यंत उघडा आहे. शहरात इमारत बांधून तिच्यात दिव्याखाली भाजी पिकवण्यापेक्षा इथली उन्हात पिकलेली भाजी रात्रीत तिथे पोचवणं कितीतरी स्वस्त आहे. त्याला महामार्गालगत पूर्वशीतकरणाची खोली लागते, प्रतवारीचं शेड लागतं, शीतवाहन लागतं. एका उभ्या शेतीच्या प्रकल्पाच्या पैशात हे तीन-चार गावांना मिळून होईल.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जिल्हास्तरीय सल्लागार समितीने बँकांना सांगावं की पॉलीहाऊस, हायड्रोपोनिक्स किंवा उभ्या शेतीच्या कुठल्याही कर्ज प्रस्तावाला एक जादा पान जोडणं सक्तीचं आहे: पिकाला किती युनिट उजेड लागणार, तो उन्हातून किती आणि विजेतून किती येणार, कोणत्या दराने, आणि किलोमागे त्याचे किती रुपये पडणार. कृषी अधिकाऱ्याने त्यावर सही करावी. अनुदानाच्या मंजुरीलाही हाच नियम लावावा. ते पान जोडलेलं नसेल तर शाखेने फाइल परत करावी, आणि त्याच टेबलावर त्या पोराला हळद शिजवायच्या कुकरचा, वाळवणाच्या ओट्याचा किंवा रेशीम शेडचा अर्ज भरून द्यावा.